हौसेचा भाव

१० जून २००२, सोमवार

सुहासिनीचं वर्षश्राद्ध परवा उरकलं. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि फ्लॅट पुन्हा रिकामा झाला. लग्नापासूनची सवय, कारखान्यातून आलं की हात धुता धुता दिवसभराचं सगळं तिला सांगायचं. ती शाळेच्या वह्या तपासता तपासता ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’वर माझा धंदा चालत होता हे आता कळतंय. सांगायला कोणी उरलं नाही म्हणून ही वही आणली. वही ‘हं’ म्हणत नाही. पण निदान मध्येच उठून कुकर बंद करायला जात नाही.

धंद्याचं बरं नाही. स्टोव्हची पितळी नोझलं करून मी वालीवला स्वतःचा गाळा घेतला. एके काळी तिथेच दुसऱ्याच्या गाळ्यात लेथखालचा पितळेचा कीस झाडत होतो. आता गॅसचा सिलिंडर चाळीचाळीत पोचला. बायकांची काजळी गेली, चांगलंच झालं. पण माझं छप्पर त्या काजळीवर उभं होतं.

आज खंबाटा नावाचे एक पारशी गृहस्थ कोणाकोणाला विचारत गाळ्यात आले. पांढरी पँट, हातात बुटाचा खोका, आणि खोक्यात कापसात गुंडाळलेलं रेल्वेचं इंजिन. खरंखुरं वाटावं असं, दीड वितीचं, विजेवर चालणारं. बिघडलं होतं. मी कानाला लावून चाकं फिरवली आणि म्हटलं, “मागच्या गिअरचा एक दात अडतोय.” गाळ्यातल्या कार्मिनने उघडलं, तर तेच. लोक माझ्या कानाला मांजराचे कान म्हणतात, उगीच नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी सहज विचारलं, कितीला घेतलं? खंबाटा म्हणाले, “जर्मनीवरून आणला. तीस हजार.”

कारागीर शत्रुघ्नने लेथ बंद केला. कार्मिनने हातातलं इंजिन टेबलावर असं ठेवलं, जसं काठोकाठ भरलेलं दूध ठेवतात.

२३ जून

डोक्यातून ते तीस हजार जात नाहीत. पितळ माझ्याकडे आहे, लेथ आहे, आणि कार्मिनचा हात आहे. हात म्हणजे काय, तर नोझलचं छिद्र आम्ही भिंगातून तपासतो, ती बोटावर फिरवून सांगते.

कार्मिन वसईच्या किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातली, सुहासिनीच्या वर्गात शिकलेली. परकर-पोलक्यात कामाला लागली, आता कपाळावर पांढरी बट आहे. लग्न केलं नाही. भाऊ आग्नेल कुवेतला, आई नाही, घरी फक्त बाप. आज तिला म्हटलं, आपण असं इंजिन केलं तर? आपलं देशी, वाफेच्या गाडीचं?

ती म्हणाली, “गोल नाकाचा करू, शेट. नाकावर चांदनी असते तो. बाबा तोच चालवायचा.”

बाप सॅन्टन, विरारच्या पुढे गुजरातकडे वाफेची गाडी नेणारा ड्रायव्हर होता हे मला आज कळलं. इतकी वर्षं कामाला आहे, मी कधी विचारलं नाही. सुहासिनीला नक्की माहीत असणार.

“मग बाबा खूश होईल,” मी म्हटलं.

“बाबा?” ती हसली. “बाबा मानसांना सांगतो, पोरगी पितलंचे खिले करते.”

२१ जुलै, रविवार

दादरला एका हॉलमध्ये रेल्वेच्या हौशी लोकांचा मेळावा होता. खंबाटांनी जागा मिळवून दिली. मोठमोठी माणसं. एक डॉक्टर, दोन वकील, एक निवृत्त कर्नल, सगळे गुडघे टेकून टेबलाच्या उंचीवर डोळे आणून गाड्या बघत होते. या वयात एवढं आनंदी माणूस मी फक्त जेवणावळीत बघितलं आहे.

आमचं पहिलं इंजिन मधोमध ठेवलं. कार्मिनने महिनाभर जीव ओतला होता. नाकावरची चांदणी, बाजूचे दांडे, कोळशाचा डबासुद्धा. किंमत लावली साडेतीन हजार. खर्च सुटून हजारभर उरतात, आणि परदेशी मालाच्या आठव्या हिश्शाने. मला वाटलं, लोक तुटून पडतील.

कोणीच घेतलं नाही. लोक यायचे, वाकायचे, चिठ्ठी वाचायचे आणि सरळ व्हायचे. माझ्या पाठीमागे दोघं बोलत होते ते मी ऐकलं. “लोकल मेड. एका महिन्यात मोटार जळेल.” त्यांनी मोटारीला हातसुद्धा लावला नव्हता.

परतताना खंबाटा म्हणाले, “श्रीरंगभाय, एवढा सस्ता कशाला लावते तू? सस्ता दिला तर माणूस समजते काय तरी खोट आहे. हे लोक इंजिन नाय घेत. हे लोक आपला लहानपण घेते. ते कोणी साडेतीन हजारात देते काय?”

रात्री घरी बसून हे सुहासिनीला सांगावंसं वाटलं. तिच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेत. ते उचलून ठेवले, आणि मग पुन्हा तिथेच ठेवले.

१८ ऑगस्ट

जमलं. आणि जमण्याची पद्धत बघून माझं मलाच हसू आलं.

किंमत केली अठरा हजार. वर अट घातली, वर्षात सहाच होतील, नाव नोंदवा आणि थांबा. लाकडी पेटी केली, आत मखमल. आगाऊ रक्कम निम्मी. खंबाटांनी चार ठिकाणी फोन केले आणि मला सांगून ठेवलं, कोणी विचारलं तर आधी ‘बघतो’ म्हण, ‘हो’ नको म्हणू.

काल ते कर्नल स्वतः गाडी करून वालीवला आले. मी म्हटलं, बघतो. त्यांचा चेहरा पडला. मग म्हटलं, तुमच्यासाठी म्हणून एक करतो, पण थांबावं लागेल. माझा हात हातात घेऊन हलवला त्यांनी. पैसे घेणारा मी, आणि आभार मानणारे ते.

आपल्यात म्हणतात ना, हौसेला मोल नाही. मी आयुष्यभर त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला वाटायचं, हौस म्हटली की पैशाकडे बघत नाहीत. तसं नाही. बघतात, बारीक बघतात. फक्त कमी दिसला तर नाराज होतात. आणि थांबायला लावलं की भाव आपोआप वाढतो. लोणच्यासारखं आहे, मुरू द्यायचं.

कार्मिनला म्हटलं, घाई करायची नाही, माल कमीच काढायचा. ती म्हणाली, “तुमचा बरा, शेट. आमच्यात मासली थांबवली तर वास मारते.”

३ सप्टेंबर

आज सुटीच्या वेळी सगळे गेल्यावर कार्मिन थांबली. हात रुमालाला पुसत होती, पुसून झाल्यावरही पुसत होती.

“शेट, एक बाबाला पायजे.”

“इंजिन?”

“हां. पगारातून कापा. त्याला अजून वाटतंय मी खिलेच करते. साखरेनं त्याचा डावा डोला गेला. उजव्यानं दिसतंय थोडा. डॉक्टर म्हनतो, तो पन किती दिवस टिकंल सांगता येत नाय. मी केलेला एकदा बघू दे त्याला.”

“पैशाचं नाव काढू नकोस,” मी म्हटलं. “कधीपर्यंत पाहिजे?”

“सनापर्यंत मिलंल?”

“सनाच्या आधी देतो. माझा शब्द.”

तिच्या तोंडावर असं ऊन पडलं की मी दुसरीकडे बघितलं. मी बोलणं जसंच्या तसं उतरवतो आहे, कारण तिचा तो शब्द मला फार आवडला. कोळीवाड्यातली माणसं वर्षाला अजून सन म्हणतात, जुन्या दस्तात असतं तसं, सन अमुक-अमुक. म्हणजे डिसेंबरअखेर. पुष्कळ वेळ आहे. पण कार्मिन कसली ऐकते. तिने तिथल्या तिथे पत्र्यावर पहिली रेघ मारली. नोंदवलेली इंजिनं दिवसा, आणि हे सुटी झाल्यावर, तिच्या वेळात.

६ ऑक्टोबर

कार्मिनचं इंजिन तयार झालं. खरं सांगतो, आतापर्यंतच्यात हे अव्वल. कर्नलचंसुद्धा यापुढे फिकं. केबिनच्या बाजूला तिने नखाएवढी पाटी बसवली आहे, बाप चालवायचा त्या इंजिनाचा खरा नंबर कोरून. रुळावर चालवून मी डोळे मिटून ऐकलं. कुठेही खरखर नाही.

शत्रुघ्न म्हणाला, “ताई, याच्यात म्हातारबांना बसवून द्या, गुजरातेत सोडून येतील स्वतःला.” कार्मिन एवढी हसली की तिला ठसका लागला. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. किंवा मीच बरेच दिवस कोणाचं हसणं ऐकलं नव्हतं.

तिला म्हटलं, एक-दोन दिवस इथे राहू दे, मी त्यालाही लाकडी पेटी करवतो. बापाला द्यायचं तर थाटात देऊ.

९ ऑक्टोबर

पुण्याचे एक वकील आले, खंबाटांनी पाठवलेले. सासऱ्यांची पंचाहत्तरी, दिवाळीआधी इंजिन हवं. मी नेहमीप्रमाणे ‘बघतो’ म्हटलं. तेवढ्यात त्यांना कपाटावर कार्मिनचं दिसलं. त्यांनी ते खाली काढलं आणि मग ठेवेनात.

पस्तीस हजार म्हणाले.

पस्तीस हजारात दोन महिन्यांचे सगळ्यांचे पगार निघतात. आणि सन संपायला अजून अडीच महिने आहेत. तोवर कार्मिन दुसरं सहज करेल, कदाचित याहून चांगलं. मी हिशोब केला, शब्द कुठेच मोडत नव्हता. मी तिला बाजूला घेऊन समजावलं. “हे जाऊ दे, दुसरं करू. वेळ आहे अजून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बरं.”

“वाईट वाटलं का?”

“नाय शेट. तुमचाच माल.”

पॅक तिनेच केलं. आधी बारीक पेचकस घेऊन केबिनवरची नंबराची पाटी काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. वकिलांना सांगितलं, पाटी गिऱ्हाइकाच्या पसंतीची लागते. तेही खरंच आहे. तिला दिवाळीचा बोनस दुप्पट द्यायचं ठरवलं.

तिचं ते ‘बरं’ थोडं कोरडं वाटलं. पण हल्ली ती दमतेही फार.

२९ ऑक्टोबर

कार्मिन काल रजेवर होती. गावात देवळाचा काही कार्यक्रम होता, म्हणजे त्यांच्या चर्चचा. ती लोकं चर्चला देऊळच म्हणतात. आग्नेल कुवेतहून आला होता, शत्रुघ्न सांगत होता. दर वर्षी या दिवसांत सुहासिनी तिच्याकडे जेवायला जायची. मला कधी वेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी कार्मिन माझ्यासाठी डबाभर फुगे आणायची, गोडसर, तळलेले. मला ते भारी आवडतात.

या वर्षी आणले नाहीत. मी गमतीने म्हटलं, “काय कार्मिन, फुगे सगळे कुवेतला पाठवले वाटतं?”

म्हणाली, “या खेपेला केलेच नाय, शेट.”

केलेच नाहीत? भाऊ घरी आलेला असताना? मी पुढे विचारणार होतो, तेवढ्यात कर्नलचा फोन आला.

१७ नोव्हेंबर

दिवाळी झाली. एकट्याने दिवा लावायचा कंटाळा आला, म्हणून शेजाऱ्यांच्या पणत्यांचा उजेड खिडकीतून येईल तेवढा येऊ दिला.

कार्मिनच्या रजा वाढल्यात. वसईच्या डॉक्टरकडे, मग मुंबईच्या. विचारलं तर म्हणाली, बाबाची साखर. बापासाठीचं दुसरं इंजिन मीच मागे लागून करून घेतोय. ती करते, हात तोच आहे, पण मध्येच थांबते. सोल्डर गार होऊन जातं आणि तिच्या लक्षात येत नाही. मी म्हटलं, नंबराची ती पाटी यावर लाव की. म्हणाली, हरवली.

मी सन चुकू देणार नाही. तिने तो शब्द उच्चारला होता तेव्हाचा चेहरा मला आठवतो. हल्ली आठवावा असा चेहरा तेवढाच आहे.

१५ डिसेंबर, रविवार

हे लिहायचं कसं ते कळत नाही. जसं घडलं तसं लिहितो.

इंजिन शुक्रवारी पुरं झालं. पेटी केली, मखमल लावली. तिला सांगितलं नाही. म्हटलं, आज रविवार, स्वतः जाऊन म्हाताऱ्याच्या हातात ठेवू. सन संपायला पंधरवडा बाकी. नवा शर्ट घातला. रिक्षात पेटी मांडीवर घेऊन बसलो, लग्नाच्या मिठाईसारखी.

त्यांचं घर मी पहिल्यांदाच बघितलं. ओटीवर जाळं पसरलेलं, दारावर क्रूस. सॅन्टन खुर्चीत बसले होते, भरदार माणूस, पण तोंड भिंतीकडे. कार्मिन आतून आली आणि मला बघून दारातच थांबली. माझ्या हातातली पेटी तिने ओळखली.

“बाबा, शेट आलेत.”

“या, या. कुठं हायेत?” म्हाताऱ्याने हात पुढे केला. तो माझ्या बाजूला नव्हता, खिडकीच्या बाजूला गेला.

मी कार्मिनकडे बघितलं. ती म्हणाली, “दिवालीच्या आदल्या दिवशी गेला दुसरा डोला. आतून रगत आलं. मुंबईचा डॉक्टर पन बघून बोलला, आता नाय.”

मी बसलो. मग जे बोलायला आलो होतो तेच बोललो. “कार्मिनने तुमच्यासाठी काही मागितलं होतं. सनाच्या आधी देईन म्हणालो होतो. आणलंय.”

“सनाच्या आधी?” म्हातारा हसला. “सन कधीच गेला शेट.”

“अजून पंधरा दिवस आहेत की.”

मग म्हातारा, लहान मुलाला सांगावं तसं, म्हणाला, “आवो, देवलाचा सन. ऑक्टोबरमदी झाला ना. बॅन्ड लावलेला, फटाके फोडले, किल्ल्यापर्यंत आवाज. तुमाला आयकू नाय आला?”

सण. ती सण म्हणाली होती.

मला ते कळलं तेव्हा मी मांडीवरची पेटी दोन्ही हातांनी धरली होती, आणि सोडता येईना.

म्हातारा सांगत होता. त्याला वाटलं असणार पाहुणा गप्प आहे, आपण बोलावं. “सनाला पोरीचा काय तरी येडेपना चाललेला. आग्नेलला बोलते, बाबाला बोलते, सगल्या जेवनाच्या मानसांना बोलते, थांबा, सनाला मी काय करते ते बाबाला दाखवनार हाय. आमी बसलो वाट बघत. कायच नाय. आग्नेल बोलला, बाय, दाखव ना तुजे खिले. मानसं हसली. मी पन हसलो.”

“बाबा,” कार्मिन म्हणाली.

“काय बाबा? खोटा बोललो?”

मी पेटी उघडली आणि इंजिन त्याच्या हातात दिलं. त्याने तोललं. बोटं पुढच्या गोल नाकावर गेली, चांदणीवर थांबली. “आमचाच हाय,” तो हळू म्हणाला. मग बोटं मागे केबिनच्या बाजूला आली, काहीतरी चाचपू लागली. “नंबर काय टाकलाय?”

मी म्हटलं, “नंबर नाही टाकला.”

“मग कोनाचा तरी आसंल. माजा नाय.” त्याने ते परत दिलं नाही, पण बोटं थांबली. “चांगला केलाय पन. कोनी केला?”

“कार्मिनने. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

म्हाताऱ्याने माझा आवाज जिकडून आला तिकडे तोंड वळवलं आणि मायेनं हसला, जसं खोटं बोलणाऱ्या भल्या माणसाला हसतात. “शेट, तुमचा मन मोठा. पोरगी तुमच्याकडे नोझल करते, मला म्हायत नाय काय? आमचा इंजिन असा लोखंड-वाफ बघितलेल्या मानसाच्या हातून होतो. तुमी केला, सांगा की.”

मी शपथेवर सांगितलं. कोणत्या भागाला किती दिवस लागले ते सांगितलं. कर्नल, वकील, पुणे, दादर, सगळं सांगितलं. मी आयुष्यात माल विकण्यासाठी इतकं बोललो नसेन. आणि जितकं बोलत गेलो तितका तो मान हलवत गेला. “किती जपता हो तुमी मानसांना,” म्हणाला.

कार्मिन मला म्हणाली, “चा घेता ना, शेट?”

१६ डिसेंबर

कार्मिन आली. इंजिन वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं आणि टेबलावर ठेवलं. “बाबा बोलला, कोनाला तरी विका, पैशे येतील.”

मी काल रात्री उशिरापर्यंत तिला काय सांगायचं ते जुळवत बसलो होतो. सांगितलं. म्हटलं, मला ‘सन’ ऐकू आलं, मला वाटलं वर्ष. मला ‘ण’ ऐकू आला नाही.

तिने पाच-सहा नोझलं उचलून परत डब्यात टाकली. “माज्या बोलन्यात नायच तो, शेट. शालेत असल्यापासून बाई सांगायच्या, कार्मिन, ण म्हन. पानी नाय, पाणी. वहीत लाल गोल करायच्या.” मग म्हणाली, “मला वाटलं, तुमी बाईंच्या घरचे. तुमाला कलतं.”

“मग वकिलाला देताना बोलली का नाहीस?”

“तुमी समोर सांगितला, दुसरा करू, वेल आहे. मी म्हटला, शेटला म्हायत हाय सन कधी ते. तरी म्हनतात वेल आहे. मग काय बोलायचा?”

सुहासिनी असती तर त्या दिवशीच, ३ सप्टेंबरलाच, हात धुता धुता मी तिला सांगितलं असतं, ‘ऐकलंस का, कार्मिन वर्षाला सन म्हणते.’ तिने वहीतून मान वर केली असती. तेवढंच पुरलं असतं.

२२ डिसेंबर

पुण्याच्या वकिलांना फोन केला, ते इंजिन परत मागायला. नंबराची पाटी कार्मिनकडे आहे असं मला वाटतं, हरवलेली नाही. ती पाटी बसवून ते पहिलं इंजिन म्हाताऱ्याच्या हाती दिलं तर, असं काहीतरी डोक्यात होतं. घेतलेल्या पैशाच्या दुप्पट देतो म्हटलं.

वकील खूश झाले. म्हणाले, “म्हणजे भाव चढला ना! मग आता कशाला देऊ?” सासऱ्यांनाही कळवणार होते.

६ जानेवारी २००३

नाताळ गेला. कार्मिनने आज सांगितलं, तिला इंजिनांवरून काढून पुन्हा नोझलांवर ठेवा.

मी म्हटलं, असं करू नकोस. पगार वाढवतो. नाव टाकू पेटीवर तुझं, पितळेच्या पट्टीवर, ठळक.

“नको शेट. घरी गेली की बाबा विचारतो, आज काय केलास. नोझल केली बोलली की बाबाला पटतं. आमी दोघं मग निवांत जेवतो.”

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिच्या आवाजात राग शोधत होतो. नव्हता. जसा साधा कामाचा निरोप सांगावा तसं सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली. नोझलांची ऑर्डरच नाही हे तिला सांगवेना.

१० जानेवारी

उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याकडून नोझलांची ऑर्डर घेतली. भाव असा की पितळही सुटत नाही. शत्रुघ्नने कागद बघून विचारलं, “शेट, हे कशासाठी?” मी म्हटलं, मशिनं चालू राहिली पाहिजेत, गंजतात. त्याने कागद परत दिला. तो हुशार आहे, पण त्याला धंदा कळत नाही.

११ फेब्रुवारी

जानेवारीपासून इंजिन एकही निघालेलं नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते जमत नाही, दोघांना बसवून बघितलं. नोंदवलेल्या लोकांची आगाऊ रक्कम परत केली. दोघांनी घ्यायलाच नकार दिला, म्हणाले, थांबतो. कर्नलनी आणखी एक नोंदवलं होतं, ते म्हणाले, दुसऱ्या कोणाला आधी देत असाल तर स्पष्ट सांगा, मी वाढवतो.

वर्तमानपत्रातलं ते बिननंबरी इंजिन कपाटात आहे. आज खंबाटांचा फोन आला. त्यांना कुठून तरी कळलंय की एक शिल्लक आहे. चाळीस म्हणाले. मी म्हटलं, द्यायचं नाही. पंचेचाळीस. नाही म्हटलं. मला फोनमध्ये त्यांच्या घरचा पंखा ऐकू येत होता. मग साठ.

पलीकडे कार्मिन काम करत होती. एकेक नोझल बोटावर फिरवायची आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायची. एकाही नोझलला खोट नसणार, मला तपासायची गरज नाही.

“नाही, खंबाटाशेट,” मी म्हटलं. “आता ती होतच नाहीत.”

खंबाटा खूप वेळ हसले, अगदी मनापासून. “श्रीरंगभाय,” म्हणाले, “मी तुला धंदा शिकवला असा मी सगळ्यांना सांगते. पण तू तर माझ्यापेक्षा पक्का वेपारी निघाला.”

मी हो म्हटलं.